मंदिराच्या जमिनीवर परवडणारी घरे: जमीन न विकता ती कशी उभी करावीत?

दक्षिण नागपुरातील एका मंदिर ट्रस्टच्या सचिवांनी प्रश्न विचारला आहे. मानेवाडा रिंगरोडच्या पलीकडे ट्रस्टची सुमारे दीड एकर जागा अनेक वर्षांपासून मोकळी पडून आहे. एका बिल्डरने तिच्यावर इमारती बांधून निम्मे फ्लॅट ट्रस्टला देण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. काही विश्वस्तांना तेथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे हवी आहेत, काहींना धर्मशाळा हवी आहे, आणि एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की देवाच्या जमिनीला हात लावूच नये. अशा स्थितीत पुढे कसे जावे?

धर्मादाय संस्थांच्या स्थावर मिळकतींचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत प्रथमच सांगून टाकतो. बिल्डरचा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात स्वीकारू नये. जमीन ट्रस्टच्याच नावावर ठेवून, तिच्या काही भागावर भाड्याने द्यावयाची छोटी घरे आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळेसारखा एक निवास टप्प्याटप्प्याने बांधावा. ज्येष्ठ विश्वस्तांना केवळ जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारू नये, कारण त्यांच्या म्हणण्यातील ‘जमीन जाता कामा नये’ हा भाग कायद्याला पूर्णपणे धरून आहे. ‘हात लावूच नये’ एवढ्याच भागाशी माझा मतभेद आहे. मोकळ्या पडलेल्या जमिनीवर या शहरात अतिक्रमण होते, आणि एकदा वस्ती बसली की जमीन कागदावर देवाची आणि प्रत्यक्षात कोणाचीच नाही अशी तिची गत होते.

‘निम्मे फ्लॅट’ या शब्दांचा अर्थ नीट पाहू. उरलेले निम्मे फ्लॅट बिल्डर खुल्या बाजारात विकणार. फ्लॅट विकले की खरेदीदारांची सहकारी संस्था किंवा असोसिएशन स्थापन करावी लागते आणि इमारतीबरोबर जमिनीचा मालकीहक्कही तिच्या नावे हस्तांतरित करून द्यावा लागतो; फ्लॅट खरेदीदारांच्या संरक्षणासाठी असलेले मोफा आणि रेरा हे दोन्ही कायदे हेच सांगतात. म्हणजे काही वर्षांनी ट्रस्ट हा आपल्याच जुन्या जमिनीवर उभ्या असलेल्या सोसायटीचा एक सभासद होऊन बसेल आणि आवारात कोणता उत्सव करायचा हेसुद्धा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठरेल. करारनाम्याच्या शीर्षकात ‘विक्री’ हा शब्द नसला, तरी परिणाम विक्रीचाच असतो. बिल्डरने ‘गरिबांसाठीही छोटी घरे ठेवू’ असे सांगितले असेल, तर ते औदार्य कितपत आहे हेही तपासावे. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांमध्ये ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहप्रकल्पात मूळ एफएसआयच्या (भूखंडावर मुळात जेवढे बांधकाम मंजूर होते त्याच्या) २० टक्के इतके क्षेत्र छोट्या घरांसाठी ठेवणे बंधनकारक आहे. दीड एकर म्हणजे सुमारे ६,०७० चौरस मीटर. तेव्हा जे कायद्याने द्यावेच लागणार आहे, तेच येथे दान म्हणून पुढे केले जात असण्याची शक्यता आहे. (ट्रस्टने स्वतः भाड्याची घरे बांधली तर ही अट कशी लागू होईल, याचे उत्तर नगररचना विभागाकडून लेखी घ्यावे.)

आता परवानगीचा भाग. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार ट्रस्टच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. शेतजमिनीचा दहा वर्षांहून अधिक मुदतीचा आणि अकृषिक जमिनीचा वा इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही तसाच. विकसन करारनामा (बिल्डरला जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क देणारा करार) या कलमातून सुटतो असे सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. परवानगी देताना ट्रस्टचे हित, लाभ आणि संरक्षण पाहिले जाते आणि त्यासाठी विश्वस्तांचा ठराव, मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा अहवाल, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना आणि आलेल्या देकारांची तुलना असे सगळे मांडावे लागते. देवस्थानांची मिळकत शक्यतो जाहीर लिलावानेच विकली जावी, खासगी वाटाघाटींनी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. एकाच बिल्डरने एकदा येऊन ठेवलेला प्रस्ताव या कसोटीवर टिकणे अवघड आहे. कर्ज काढायचे असेल तर कलम ३६-अ नुसार त्यालाही वेगळी पूर्वपरवानगी लागते. बँकेने मंजुरीपत्र दिले म्हणून विश्वस्तांनी सही करून मोकळे होऊ नये.

याउलट ट्रस्टने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या उद्दिष्टांसाठी इमारत बांधली आणि तीन वर्षांच्या आतील मुदतीने राहायला दिली, तर कलम ३६ ची अडचण येत नाही. भाड्याच्या घरांकडे माझा कल आहे त्यामागचे हे एक कारण. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. विकलेले परवडणारे घर एकदाच परवडणारे असते. पहिल्या मालकाने ते बाजारभावाने विकले की देवस्थानाच्या त्यागाचा सगळा लाभ एका कुटुंबाच्या खिशात जातो. जमीन संस्थेकडे ठेवून घराचा केवळ वापर देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. गावाची जमीन गावाच्या सामायिक मालकीची करण्याच्या विनोबांच्या ग्रामदानातून प्रेरणा घेऊन १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ ही सामूहिक भूमी संस्था स्थापन झाली आणि पुढे तिकडे शेकडो शहरांत या धर्तीवर घरे उभी राहिली. विनोबांचे पवनार आपल्यापासून दीड तासावर आहे आणि तिथल्या विचाराचा घरबांधणीतला उपयोग आपण तिकडून ऐकावा लागतो, हे जाता जाता नोंदवतो. कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये कायदा करून धर्मसंस्थांच्या जमिनीवरील परवडणाऱ्या घरांना झोन बदलाच्या लांबलचक प्रक्रियेतून सूट दिली. महाराष्ट्रात तशी तरतूद नाही, त्यामुळे आपल्याला प्रत्येक पायरी चढावीच लागेल.

पहिली पायरी मालकीची, आणि येथेच मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. नागपुरात ‘मंदिराची जागा’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक जागा मंदिराच्या मालकीची नसते. अनेक लेआउटमध्ये सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर रहिवाशांनी मंदिर बांधले, समिती नोंदवली, आणि पंचवीस-तीस वर्षांनी सगळ्यांनाच ती जागा समितीची वाटू लागली. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे आणि त्याच्या अंमलबजावणीकडे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बारकाईने लक्ष दिलेले आहे. अशा जागेवर घरे बांधण्याचा विचारही करू नये. उलट बांधकाम परवानगीच्या अर्जामुळे असलेले मंदिरच अडचणीत येईल. तेव्हा नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा मालकी-उतारा), गाव नमुन्यातील सातबारा आणि जुने फेरफार, मंजूर लेआउट नकाशा, आणि लागू असेल तेथे नागपूर सुधार प्रन्यासचे (नासुप्र) आर.एल. लेटर, म्हणजे भूखंड नियमित केल्याचे पत्र, हे सगळे एकत्र ठेवून वाचावे. पत्रिकेवर धारणाधिकार, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे, ते काय लिहिले आहे हे पाहावे. नझूल असेल तर जमीन शासनाची आणि ट्रस्ट पट्टेदार, म्हणून पट्ट्याची मुदत, त्यातील वापराची अट आणि थकीत भूभाटक (जमिनीचे भाडे) यांचा निकाल आधी लावावा. विदर्भातील नझूल पट्टे कायम मालकीत बदलण्यासाठी शासनाने सवलतीची अभय योजना आणली; ती आज चालू आहे का आणि आपला पट्टा तिच्या कक्षेत बसतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी विचारावे. भोगवटदार वर्ग २ (शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय वापर बदलता येत नाही.

त्यानंतर धर्मादाय कार्यालयातील शेड्यूल-१ चा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा, उतारा पाहावा. जमीन तेथे ट्रस्टची मिळकत म्हणून नोंदलेली आहे का आणि आजचे विश्वस्त तेथे नोंदलेले आहेत का, हे दोन प्रश्न साधे वाटतात. परंतु दिवंगत विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहिलेली आणि चेंज रिपोर्ट (बदल नोंदवण्याचे अर्ज) प्रलंबित असलेले ट्रस्ट मी इतके पाहिले आहेत की आता मी दुसरा कागद उघडण्यापूर्वी हाच मागतो. ज्यांची नियुक्तीच वादात आहे अशा विश्वस्तांनी केलेला ठराव पुढे कोणीही आव्हानाखाली आणू शकतो आणि त्यात प्रकल्प अडकतो.

विकास आराखड्यातील झोन, रस्तारुंदीकरण, सोनेगाव विमानतळामुळे येणारी उंचीची मर्यादा आणि नाल्याची पूररेषा या बाबी एखादा चांगला वास्तुविशारद थोड्या दिवसांत तपासून देतो. पूररेषेकडे मात्र औपचारिकता म्हणून पाहू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले ते आपण पाहिले आहे, आणि जुनी देवस्थाने तर तलाव आणि नाल्यांच्या काठीच असतात. जागा सार्वजनिक-निमसार्वजनिक झोनमध्ये असेल तर निवासी वापरासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा मार्ग आहे, पण तो लांब आहे. अशा वेळी धर्मशाळा, वसतिगृह, दवाखाना यांसारखे झोनमध्ये मुळातच बसणारे उपयोग आधी हाती घ्यावेत.

आता ट्रस्टचे उद्दिष्ट. तुमच्या ट्रस्टडीडमध्ये किंवा न्यायालयाने घालून दिलेल्या कारभाराच्या योजनेत केवळ पूजाअर्चा, उत्सव आणि देखभाल एवढेच लिहिले असेल, तर भाविकांनी त्यासाठी दिलेला पैसा घरबांधणीत वापरता येणार नाही. ‘गरिबांना साहाय्य’, ‘धर्मशाळा’, ‘वैद्यकीय मदत’ किंवा ‘सार्वजनिक उपयोगाची कामे’ अशी वाक्ये असतील तर वाट मोकळी आहे; त्याच अधिनियमाच्या कलम ९ मध्ये दारिद्र्य वा विपत्ती निवारण हा धर्मादाय हेतू म्हणून दिलेलाच आहे. नसतील तर कलम ५०-अ खाली योजनेत बदल करून घ्यावा, किंवा वेगळा धर्मादाय ट्रस्ट अथवा कंपनी कायद्यातील कलम ८ ची ना-नफा कंपनी स्थापून तिला जमीन दीर्घ मुदतीने द्यावी. दुसऱ्या पर्यायात हिशेब स्वच्छ राहतात आणि बांधकामाची जोखीम देवस्थानावर येत नाही. मात्र मग कलम ३६ ची परवानगी लागते, आणि दोन संस्थांचे पदाधिकारी वेगळे झाले की दहा वर्षांनी त्यांचे आपसांत पटत नाही हाही अनुभव आहे. पहिल्या टप्प्यापुरते, शक्य असेल तर, काम ट्रस्टमध्येच पण वेगळ्या बँक खात्याने करावे असे मला वाटते.

येथे थोडे थांबून इतर धर्मसंस्थांविषयी सांगतो, कारण असेच प्रश्न मशिदींच्या समित्यांकडून आणि चर्चच्या पदाधिकाऱ्यांकडूनही येतात आणि त्यांना वरील उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही. वक्फ मिळकतीला वक्फ अधिनियम, १९९५ लागू होतो. २०१३ च्या दुरुस्तीनंतर तिची विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण हे मुळातच निरर्थक ठरते आणि तीस वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा व्यापारी, शैक्षणिक वा आरोग्यविषयक कारणांसाठी राज्य शासनाच्या मान्यतेने देता येतो. त्या यादीत घरे नावाने नाहीत, त्यामुळे विद्यार्थी वसतिगृह किंवा रुग्णांच्या नातेवाइकांचा निवास हा मार्ग तेथे अधिक सुरक्षित आहे. २०२५ च्या दुरुस्तीने बरेच बदल केले असून त्यातील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली, म्हणून ताज्या स्थितीवर वकिलाचा सल्ला घ्यावा. मुस्लिमांनी स्थापलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील प्रकरणातच २०२२ मध्ये सांगितले आहे. मिशनच्या जमिनींची गुंतागुंत निराळी: चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात झाली, त्यात अनेक जुनी मिशने एकत्र आली, आणि जमिनीची कागदपत्रे मात्र पुष्कळ ठिकाणी त्या त्या जुन्या मिशनच्या नावे राहिली. तेथे घराचा नकाशा काढण्यापूर्वी नाव कोणाचे, याचाच निर्णय घ्यावा लागतो.

पुन्हा आपल्या दीड एकराकडे वळू आणि पैशाचा हिशेब करू. ‘जमीन फुकट आहे, म्हणजे घरे स्वस्त पडतील’ हा समज अर्धवट आहे. ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचे, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फुटांचे घर धरा. भिंती, जिना, व्हरांडा मिळून ४५० चौरस फूट बांधकाम. खर्च ढोबळमानाने २,००० रुपये प्रति चौरस फूट मानला तर एक घर ९ लाखांचे होते. ही सगळी रक्कम ९ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जातून उभी केली तर मासिक हप्ता सुमारे ८,१०० रुपये येतो, आणि देखभालीचे किमान १,२०० रुपये धरले तर भाडे ९,३०० रुपये. सुरक्षा रक्षक, परिचारिका मदतनीस, दुकानातील कर्मचारी, घरकाम करणाऱ्या भगिनी यांच्या कुटुंबाचे उत्पन्न महिना १८,००० रुपये मानले आणि तीस टक्के भाड्यावर जाऊ द्यावे असे ठरवले, तर त्यांना ५,४०० रुपये झेपतात. म्हणजे जमिनीची किंमत शून्य धरूनही हे घर त्यांना परवडत नाही. बांधकामाचा निम्मा खर्च देणगीतून किंवा अनुदानातून आला तर हप्ता ४,०५० वर येतो, भाडे ५,२५० होते, आणि हिशेब जुळतो. चोवीस घरांच्या पहिल्या टप्प्याला २ कोटी १६ लाख लागतील. त्यातील १ कोटी ८ लाख परतफेडीशिवायचे पैसे हवेत. हा आकडा विश्वस्तांच्या सभेत प्रथम मांडावा. तो जमणार नसेल तर बारा घरांचा टप्पा करावा. अर्धवट उभा सांगाडा मात्र कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये.

अनुदानासाठी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० पाहावी. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या या योजनेत परवडणारी भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक आहे. नोकरदार महिला, औद्योगिक कामगार, स्थलांतरित यांच्यासाठी खासगी वा सार्वजनिक संस्थांनी बांधलेल्या घरांना, नवे बांधकाम तंत्रज्ञान वापरल्यास, केंद्राकडून प्रति चौरस मीटर ३,००० आणि राज्याकडून २,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. ३० चौरस मीटरच्या घराला ते दीड लाख होतात, म्हणजे परतफेडीशिवायच्या पैशांची आपली गरज घरामागे साडेचार लाखांची आहे, तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. उपयोगी आहेत, परंतु योजनेचे पैसे उशिरा येतात असे गृहीत धरूनच रोख प्रवाह आखावा.

देखभालीच्या वरच्या १,२०० रुपयांविषयी दोन शब्द, कारण प्रकल्प बुडतात ते येथेच. त्यातले ५०० रुपये प्रत्येक घरामागे राखीव निधीत टाकावेत. चोवीस घरांचे वर्षाला १ लाख ४४ हजार होतात आणि बारा वर्षांत व्याज सोडून सतरा लाखांवर जातात; गच्चीचे जलरोधन, रंगकाम, पाण्याची मोटार यांना तेवढे लागतातच. मुंबईतील पारशी बागा हे धर्मसंस्थेच्या जमिनीवरील स्वस्त घरांचे आपल्या राज्यातील सर्वांत मोठे उदाहरण आहे. मोकळी मैदाने, अग्यारी, आपसांतला आधार, पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थैर्य असे बरेच तेथून शिकण्यासारखे आहे. पण गोठलेल्या जुन्या भाड्यांतून दुरुस्तीही भागत नाही, हा धडाही तेथूनच घ्यावा. नागपूरला त्यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९ च्या काळातील भाडेकरू महाल-इतवारीतील कितीतरी देवस्थानांच्या वाड्यांत आजही नाममात्र भाड्यावर आहेत आणि वाडे मात्र पडायला आले आहेत. दया आणि हिशेब यांची गल्लत झाली की दोन्ही जातात.

म्हणून घरे भाडेकरूहक्काने न देता नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारानेच द्यावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर ताबा मिळवण्याची संक्षिप्त प्रक्रिया आहे, आणि करार लेखी व नोंदणीकृत ठेवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. शुल्कात दरवर्षी किती वाढ होईल ते करारातच लिहावे. त्याचबरोबर कुटुंबाला दर अकरा महिन्यांनी धास्ती वाटू नये म्हणून, नियम पाळणाऱ्यांना एकूण किती वर्षे नूतनीकरण मिळेल याचे धोरण ट्रस्टने जाहीर करावे. मी सात ते नऊ वर्षे सुचवतो. एका मुलाचे माध्यमिक शिक्षण तेवढ्यात होते, आणि घर पुढच्या कुटुंबाला मिळते.

घरे कोणाला द्यावीत? येथे विश्वस्त मंडळांत सर्वांत जास्त वाद होतात. आपल्याच समाजाला, आपल्याच भाविकांना प्राधान्य द्यावे असा आग्रह धरला जातो. पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व समाजापुरते ठेवण्यास मान्यता दिली, हे खरे. परंतु सार्वजनिक धर्मादाय ट्रस्टचा प्रश्न वेगळा आहे. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १३(१)(ब) नुसार विशिष्ट धार्मिक समाजाच्या किंवा जातीच्या लाभासाठी चालणाऱ्या धर्मादाय ट्रस्टची करसवलत धोक्यात येते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात याचे स्वरूप कसे आहे ते सनदी लेखापालांकडून समजून घ्यावे. कायदा बाजूला ठेवला तरी, आडनाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव ज्या शहरात अनेकांनी घेतला आहे, तेथे देवस्थानाने तीच चाळणी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्पन्नाची मर्यादा, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर, एकल पालक वा अपंग सदस्य असलेले कुटुंब, असे मोजता येणारे निकष आधी लिहून काढावेत आणि पात्र अर्जांतून जाहीर सोडत काढावी. मंदिराचे पुजारी, गुरव, सफाई करणारे यांच्यासाठी दोन घरे वेगळी ठेवली तर कोणी आक्षेप घेत नाही. विश्वस्तांच्या नातेवाइकांना मात्र सोडतीतही भाग घेऊ देऊ नये.

धर्मशाळेची मागणी करणारे विश्वस्तही चुकीचे नाहीत. तुमच्या जागेच्या बाबतीत तर ते अधिकच बरोबर आहेत. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) आणि मानेवाडा रोडवरील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय दोन्ही जवळ आहेत. तेथे गडचिरोली-चंद्रपूरपासून बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडपर्यंतचे रुग्ण येतात. किरणोपचार अनेक आठवडे चालतात, खाट रुग्णाला मिळते, नातेवाईक आवारात किंवा फुटपाथवर झोपतात. गाडगेबाबांनी मंदिर न बांधता धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. विदर्भातील देवस्थानाला याहून जवळचा दाखला कोणता द्यायचा? तीस-चाळीस खाटांचा निवास, सामूहिक स्वयंपाकघर आणि रुग्णालयापर्यंत एक ई-रिक्षा एवढ्यावर काम सुरू होते. मंदिराच्या आवारातील खोलीचे शुल्क दिवसाला १,००० रुपयांहून कमी ठेवल्यास नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टला जीएसटी लागत नाही. नोकरदार महिलांचे वसतिगृह केले तर सलग किमान ९० दिवस राहणाऱ्यांकडून प्रत्येकी महिना २०,००० रुपयांपर्यंत घेतलेले शुल्क जुलै २०२४ पासून जीएसटीमुक्त आहे.

इमारत बुटकी असावी. तळमजला अधिक तीन मजले ठेवले तर देखभाल स्वस्त राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो हे ध्यानात घेऊन पश्चिमेच्या भिंतीला खोल्या न ठेवता जिना आणि संडास-बाथरूम ठेवावेत, गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर द्यावा, आणि प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर डेझर्ट कूलरसाठी पक्का कट्टा, नळाची तोटी व निचरा नकाशातच दाखवावा. नागपूरच्या उन्हाळ्याचा अनुभव नसलेल्या नकाशाकाराला हे सुचत नाही आणि मग भाडेकरू खिडकीला लोखंडी अँगल ठोकून भिंत फोडतात. तळमजल्यावर पाळणाघर आणि अभ्यासिका ठेवावी. अभ्यासिकेला शुल्क लावले तरी मुले येतात, आणि पाळणाघरामुळे त्याच इमारतीतल्या चार-पाच स्त्रियांना कामावर जाता येते. दवाखान्यासाठी दोन खोल्या महापालिकेला देऊ करता येतील. उत्सव, महाप्रसाद आणि मंडपासाठी किमान अर्धा एकर मोकळा सोडावा आणि तो नकाशावर कायम मोकळा म्हणून रंगवावा.

भाविकांना केव्हा सांगायचे, असाही प्रश्न येईल. माझे उत्तर: नकाशा मंजुरीला जाण्याच्या आधी. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाला झालेला तीव्र विरोध आणि त्यानंतर थांबलेले काम सगळ्या नागपूरने पाहिले. तेथे परवानग्या होत्या, निधी होता. श्रद्धेच्या जागेविषयी लोकांना वाटणारी काळजी मात्र कागदावर नव्हती. तुमच्याकडे दर पौर्णिमेला किंवा एकादशीला जे लोक नियमित येतात त्यांना नकाशा दाखवावा, कोणते झाड जाणार आणि पालखीचा मार्ग कुठून राहणार ते सांगावे, आणि आलेल्या हरकती इतिवृत्तात नोंदवाव्यात. धर्मादाय कार्यालयात पुढे कोणी तक्रार केली तर हेच इतिवृत्त कामी येते.

येत्या सभेत तीन ठराव घ्यावेत. जमिनीची मालकी कोणत्याही स्वरूपात हस्तांतरित केली जाणार नाही, हा पहिला. कागदपत्रांची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही विकसकाकडून टोकन, बयाणा किंवा देणगी स्वीकारली जाणार नाही, हा दुसरा. बिल्डरच्या पत्राला उत्तर म्हणून या दुसऱ्या ठरावाचीच प्रत पाठवावी. तिसरा ठराव नगर भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज करण्याचा. मोजणीच्या दिवशी किमान दोन विश्वस्तांनी स्वतः हजर राहावे, शेजारच्या लेआउटधारकांना नोटीस पोचल्याची खात्री करावी, आणि हद्दीच्या खुणा त्याच दिवशी काँक्रीटमध्ये पक्क्या करून घ्याव्यात. कुंपण आत सरकलेले आढळले तर तो वाद नकाशा काढण्यापूर्वीच मिटवावा. क्षेत्र ४,००० चौरस मीटरच्या खाली आले किंवा रस्त्याची रुंदी कमी भरली, तर वर केलेला सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.